रडण्यासाठी मागितलेली खोली

जमनीच्या बंजारा तांड्यावर लेक माहेरी आली की आधी रडतात. मायलेकी एकमेकींच्या खांद्यावर मान टाकतात आणि चालीवर, मोठ्यानं रडत सगळं सांगतात: कोण आजारी होतं, कोणाला मूल झालं, सासू कशी वागते. ते झालं की डोळे पुसून पाणी, मग चहा, मग हसणं. रडून घेतलं नाही तर भेट झाली असं धरत नाहीत.

मी पांढरकवड्याला अकरावीच्या मुलांना समाजशास्त्र शिकवते. जन्मताना माणूस रडतो ते त्याचं स्वतःचं. पुढे कधी, कोणासाठी, किती मोठ्यानं रडायचं हे भोवतालची माणसं शिकवतात, असं पहिल्याच धड्याला सांगते आणि उदाहरण जमनीचं देते. वर्गात सगळं सांगता येत नाही. आज माझ्या लेकीचा, प्रियंकाचा, होस्टेलवरचा फोन लागत नाही, झोपही नाही, म्हणून लिहून काढते.

जमनी आठवडी बाजारात भाजी विकायची आणि बस येईपर्यंत माझ्या ओट्यावर बसायची. तोंडानं फटकळ. प्रियंका नागपूरला शिकायला गेली त्या दिवशी मी दाराआड डोळे पुसत होते, तर म्हणाली, "असं चोरून काहून रडतं, बाई? पोरीले ऐकू तं जाऊ दे."

कापसाची ती वाईट वर्षं होती. तांड्यावरच्या दोन तरुण माणसांनी जीव दिला. त्यातला एक जमनीच्या दिराचा मुलगा, प्रेमसिंग. त्यानंतर कुठल्याही घरातून रडणं ऐकू आलं की शेतातली माणसं हातातलं काम टाकून धावत सुटायची. एकदा कोणाची तरी बहीण भेटीला आली होती. भाऊ रडणं ऐकून धावत आला तो दारातच कोसळला. शेवटी तांड्याचे नाईक फुलसिंग यांनी बैठक घेतली. ठरलं: मयत झाली तरच रडायचं. पाहुण्यांना रडून भेटायचं नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर जमनीची लेक बबिता येणार होती. आदिलाबादकडे दिलेली, दोन वर्षांत आली नव्हती. जमनी नाईकाकडे परवानगी मागायला गेली.

"नाईक म्हणे, पोरगी येऊन राह्यली तं खीर कर, रडतं कायले," तिनं मला सांगितलं. "मी म्हटलं, तुह्या बहिणीची बोळवण कर खिरीवर!" मग आवाज खाली आला. "बाई, तुह्या घरात रडू दे मले. भित्ती पक्क्या हायेत. तांड्यावर नाही ऐकू जात. पोरीले भेटल्याबिगर कशी नेऊ घरी?"

मला आधी शेजारी आठवले. मग हो म्हटलं.

बबिता बसमधून उतरून थेट माझ्याकडे आली. मी खिडक्या लावल्या, टीव्ही मोठा केला. जमनीनं तो बंद करायला लावला. "त्या टीव्हीतल्या बाईच्या आवाजात मी काय रडू?"

दोघींनी एकमेकींच्या खांद्यावर माना टाकल्या. जमनीनं सूर लावला. मला त्यांची गोरबोली थोडीफार कळते. आधी बबिताचं गाव आलं, लांबचा रस्ता आला. मग चाल बदलली. प्रेमसिंगचं नाव आलं, मग जीव दिलेल्या दुसऱ्याचं. जमनी खाली बसून जमिनीवर तळवे आपटायला लागली आणि त्याच लयीत तिनं बबिताचं नाव घेतलं, प्रेताजवळ घेतात तसं. मला टाकून का गेलीस म्हणून विचारू लागली.

बबितानं तिचं तोंड दाबलं. "याडी! म जीवती छू!" आई, मी जिवंत आहे.

जमनीनं माझ्याकडे पाहिलं. "तेच येऊन राह्यलं, बाई. दोन वर्सं तेवढंच रडली ना मी. दुसरी चाल सापडून नाही राह्यली."

सुरुवात आईनं करायची असते. पण बबिताच तिच्यापुढे बसली आणि भेटीची चाल म्हणू लागली, हळू, तान्ह्याला भरवावं तशी एकेक शब्द देत. जमनी मागून येत होती. मध्येच घसरायची. बबिता पुन्हा पहिल्यापासून घ्यायची.

दारावर थाप पडली. शेजारच्या मथुराबाई. "कोण गेलं वं?"

"कोणी नाही. जमनीची लेक आली."

मी काही लपवतेय अशा नजरेनं त्यांनी पाहिलं. "प्रियंका बरी हाय ना?"

सकाळीच बोलणं झालं होतं. तरी मी मागे वळून फोनकडे पाहिलं. "बरी आहे," मी म्हणाले.

मथुराबाईंनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि ओट्यावर बसल्या. गल्लीतल्या आणखी बायका आल्या, त्याही बसल्या. मुलगी माहेरी आलीय, त्यांच्यात असंच भेटतात, मी पुन्हा सांगितलं. "हो ना," त्या म्हणाल्या. कोणी उठलं नाही.

आतून जमनीचा आवाज आला, शेळी व्यायल्याची बातमी रडून सांगणारा. चाल बरोबर होती. भेट झाली होती.

थोड्या वेळानं बबिता माठातलं पाणी घ्यायला ओट्यावर आली. डोळे सुजलेले. मथुराबाईंनी तिला जवळ ओढलं, डोक्यावर हात ठेवला.

"धीर धर, पोरी. देवानं नेलं त्याले आपण काय करणार?"

 रिकामा तांब्या हातात धरून बबिता वळली आणि आई खोलीत बसलेली आहे ना, ते तिनं पाहून घेतलं.