चिकटवलेल्या सुया

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, नाशिकच्या आमच्या कॉलेजात, प्रोजेक्टला मला सुरगाण्याकडची एक मुलगी पार्टनर मिळाली. मी नाक मुरडलं होतं. पण काम सगळं तिनेच केलं, हे आधीच सांगून टाकते.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पातळ पापुद्र्यावर डोळ्यांना न दिसणारे चुंबक कोरून मांडत. तिने तेच प्लायवूडवर मांडलं. हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे चुंबकावर घासले, प्रत्येकाला टिचबटणाची वाटी लावली आणि टाचणीवर तोललं, की झाली होकायंत्रासारखी फिरणारी सुई. तीन-तीन सुयांची टोकं एका जागी यायची. दोघींचं जमलं की तिसरीचं कुणाशी तरी बिनसणारच. वरून मोठा चुंबक फिरवला की सगळ्या थरथरायच्या आणि दर वेळी वेगळ्याच बसायच्या. ती ते रोज वहीत मांडायची आणि खूश व्हायची.

मला मात्र धडकी भरली. अकरावीपासून आम्ही काय शिकलो? पुस्तकातलं उत्तर आधी बघायचं, मग रीडिंग जुळवायची. दर वेळी वेगळं येतंय म्हणजे प्रयोग फसला, एवढीच माझी अक्कल. परीक्षेच्या सकाळी ती वही आणायला हॉस्टेलवर गेली, तेवढ्यात मी सगळ्या सुया ओळीत लावून चिकटवून टाकल्या.

परीक्षक त्याच पुण्याच्या प्रयोगशाळेतले. आमच्यातल्या एकीला ते तिथे घेणार होते. तिला ती जागा हवी होती. नाही मिळाली तर आश्रमशाळेत नोकरी धरीन, असं ती बापाला कबूल करून आली होती. त्यांनी चुंबक फिरवला. एकही सुई हलेना. नखाने खरवडून पाहिलं आणि कुणी चिकटवल्या म्हणून विचारलं.

ती माझ्याकडे वळली. "सांग ना त्यांना. मी नाय चिकटवल्या."

मी म्हणाले, "सर, बोर्ड तिनेच बनवलाय."

शब्दन् शब्द खरा होता. शी! अजून स्वतःची किळस येते. तिची वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

जागा मला मिळाली. पहिल्याच आठवड्यात त्या सरांनी विचारलं, मांडणी दर वेळी वेगळी का येते? मेसमध्ये तिने दहादा समजावलेलं, तेव्हा मला न पटलेलं, मी तिच्याच शब्दांत धडाधड सांगितलं.

सर खूश झाले. म्हणाले, "तुमच्या त्या पार्टनरला एवढं कळलं असतं, तर तिने सुया चिकटवल्या नसत्या."

मी म्हणाले, "हो सर."