आठ्यांचं इंजेक्शन आणि मंगळागौर

रजनीबाईंच्या दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या होत्या. त्या रागाने पडलेल्या नव्हत्या. चौतीस वर्षं काचीगुड्याच्या शाळेत गणित शिकवताना, मागच्या बाकावरचं पोर काय उतरवून काढतंय ते डोळे बारीक करून बघता बघता त्या पडल्या आणि कायमच्या मुक्कामाला राहिल्या. बाई मनाने लोण्याहून मऊ. कच्च्या मुलांना मलकपेठेतल्या आपल्या घरी बोलवायच्या, शिरा खाऊ घालायच्या आणि त्रैराशिक शिकवायच्या. मुलं शिरासुद्धा घाबरत घाबरत खायची, कारण समोर ते कपाळ.

निवृत्तीनंतर बाईंनी गल्लीतल्या बायका जमवून मंगळागौरीचा गट काढला. बासष्टाव्या वर्षी त्या बसफुगडी अशी घालत की पंचविशीतल्या मुली हात टेकत. 'हिचे गुडघे अजून नोकरीत आहेत,' असं त्यांचे यजमान दिगंबरराव म्हणत. ते स्वतः सचिवालयातून सुटल्यापासून आरामखुर्चीतून क्वचितच उठत.

वैशाखात मुलाचं, केदारचं, लग्न झालं आणि नांदेडची सुप्रिया घरात आली. पोरगी गुणाची, माधापूरच्या कंपनीत चांगल्या नोकरीला. पण घरात वावरायची ती पाहुण्यासारखी. 'आई, दूध तापवू का?' 'आई, खिडकी उघडू का?' खिडकी उघडायला कुणी परवानगी मागतं का? बाईंना वाटलं, नवी आहे, रुळेल.

मग आषाढात एकदा बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. जिन्यात सुप्रिया माहेरी फोनवर बोलत होती. 'नाही गं, आईंचं काही चुकत नाही. कधी आवाजसुद्धा चढवत नाहीत. पण त्या माझ्याकडे बघितल्या की मला वाटतं, माझंच काहीतरी चुकलंय.'

बाईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्यांना मुलगी नव्हती. ही पोर आपल्याला बिचकते, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्या खाली आल्या, आरशापुढे उभ्या राहिल्या आणि कपाळ दोन बोटांनी ताणून पाहिलं. आठ्या गेल्या. बोटं काढली, आठ्या हजर.

चौकशी केल्यावर कळलं की चेहऱ्यावर इंजेक्शन देऊन आठ्या घालवतात, आणि हे करणारी हिमायतनगरची डॉक्टर प्रियदर्शिनी बाईंचीच विद्यार्थिनी निघाली. बाईंनी मुहूर्त काढला तो नेमका सुप्रियाच्या पहिल्या मंगळागौरीचा. हिशेब सरळ होता. सकाळी अकराला इंजेक्शन, संध्याकाळी पाचला खेळ, आणि सगळ्यांसमोर सुनेकडे प्रसन्न कपाळाने बघायचं. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईने हे गणित मात्र कुणाकडून तपासून घेतलं नाही. तापाचं इंजेक्शन घेतलं की संध्याकाळी ताप उतरतो, तसंच हे, असं त्या धरून चालल्या.

मंगळवारी सकाळची पूजा आटोपली. 'बेगम बाजारातून ओटीचे नारळ आणि खारका आणते,' असं सांगून बाई रिक्षात बसल्या आणि हिमायतनगरला उतरल्या.

'टीचर, आज काही कार्यक्रम नाही ना?' प्रियदर्शिनीने विचारलं.

'नाही,' बाई म्हणाल्या. खोटं बोलणाऱ्या पोरांना चौतीस वर्षं बाकावर उभं करणारी बाई धडधडीत खोटं बोलली.

सुया टोचून झाल्या, फारसं दुखलं नाही. मग डॉक्टरने नियम सांगायला सुरुवात केली. 'चार तास आडवं व्हायचं नाही. आज दिवसभर वाकायचं नाही, उड्या नाहीत, व्यायाम नाही. उद्यापासून चालेल. वाफेपासून लांब राहा. आणि टोचलंय तिथे आज हात लावायचा नाही. चोळलं, दाबलं, तर औषध भलतीकडे सरकतं आणि पापणी लोंबते.'

'बरं. आणि आठ्या संध्याकाळपर्यंत जातील ना?'

'संध्याकाळी? टीचर, चार-पाच दिवस लागतात. पुरता फरक पडायला पंधरा दिवस. परेशान नक्को होऊ.'

बाईंनी मनातल्या मनात गणित पुन्हा मांडलं. आठ्या जागच्या जागी, वर फुगडी बंद. आणि टोचलेली जागा कुठली, तर बरोब्बर कुंकवाची.

पाच वाजता गल्लीतल्या मंडळाचा हॉल नऊवारी लुगड्यांनी भरला. सुप्रिया हिरव्या शालूत कोयरी घेऊन पहिली सासूबाईंकडे आली. तिने चिमटीत कुंकू घेतलं आणि हात कपाळाकडे नेला. बाईंनी झटक्यात डोकं मागे घेतलं.

हॉलमध्ये पन्नास बायका होत्या आणि पन्नासांनी ते पाहिलं. सुनेच्या हातचं कुंकू सासूने नाकारलं, आणि तेही मंगळागौरीला. बाईंना काहीतरी बोलायचं होतं, पण घाबरल्या की त्यांच्या आठ्या आणखी खोल जात. सुप्रियाने कोयरी खाली ठेवली आणि ती आतल्या स्वयंपाकघरात निघून गेली.

'रजनी, कैको असं केलीस गं?' गटातल्या हर्षदाने कानाशी येऊन विचारलं. बाई सुनेच्या मागे आत गेल्या.

सुप्रिया ओट्याशी पाठ करून उभी होती. 'आई, माझं काय चुकलं ते एकदा सांगून टाका. मी तसं करणार नाही.'

हे ऐकलं आणि रजनीबाईंना भडभडून आलं. त्यांनी पर्समधून दवाखान्याचा कागद काढून तिच्या हातात दिला. 'तुझं काही चुकलेलं नाही, बाळ. जिन्यातलं तुझं बोलणं मी ऐकलं. तू मला भितेस ते मला सहन होईना. म्हणून आज सकाळी कपाळात सुया टोचून आले. तर डॉक्टर म्हणते, आज तिथे बोट लावायचं नाही.'

सुप्रियाने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग तोंडावर पदर धरून ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

'नारळ आणायला म्हणून हे करून आलात?'

'नारळपण आणलेत,' बाई म्हणाल्या.

तिने डोळे पुसले, बाईंना हाताला धरून बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्या मंगळसूत्राच्या वाट्यांना हळद-कुंकू लावलं. 'आईंना आज कपाळाला लावायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय,' एवढंच ती म्हणाली. कसले डॉक्टर, ते तिने सांगितलं नाही. बायकांनी आपापल्या मगदुराप्रमाणे रोग ठरवले.

खेळ सुरू झाले. बाई खुर्चीत बसून गाणी सांगू लागल्या, पण फुगडीला रंग चढला तशी त्यांची चुळबूळ वाढली. हर्षदा दमून बाजूला झाली, जागा रिकामी पडली, आणि बाईंनी पदर खोचला. त्या उठल्या, दोन पावलं पुढे गेल्या आणि बसफुगडीसाठी वाकणार, तोच फेरातून आवाज आला.

'आई, नाही म्हणजे नाही. वाकायचं नाही. गुपचूप जागेवर बसा!'

गाणं थांबलं. त्या हॉलमधल्या निम्म्या बायका एकेकाळी बाईंच्या वर्गात होत्या, आणि रजनीबाईंना कुणी असं दटावल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी बाईंच्या कपाळाकडे पाहिलं. आठ्या होत्या तशाच होत्या. सुप्रिया कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडेच बघत उभी होती आणि नजर हटवत नव्हती.

रजनीबाई मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसल्या. इतका आनंद त्यांना केदारच्या लग्नातही झाला नव्हता.