अध्यक्षांना दिलेला एक नंबर

"बाई, पावती निघून राहिली का नाही?" रामाकोना गावचे गुलाबकाका खिडकीत डोकं घालून विचारत होते. त्यांचा संत्रा काट्यावर, ट्रक फाटकाशी, ड्रायव्हर हॉर्नवर. पावतीशिवाय माल चढत नव्हता. ट्रक गेला, की संत्रा उन्हात पडणार.

सौंसरच्या आमच्या संत्रा सोसायटीत तेव्हा मी कॉम्प्युटर ऑपरेटर. पावती पांढुर्ण्याच्या हेड ऑफिसातून इंटरनेटवर यायची, आणि सकाळपासून नेट बंद.

आता आजी झाल्यावर नातीचा मोबाइल फार चालला, की मी गुपचूप वायफायचा पासवर्ड बदलते. तेव्हाची मी मात्र नवा कोर्स करून आलेली विदुषी! सकाळीच अध्यक्षांचा नवा कॉम्प्युटर जोडला होता. प्रत्येक कॉम्प्युटरला आयपी ॲड्रेस लागतो, म्हणजे घर नंबर. ऑफिसात सगळ्यांचे सुरुवातीचे आकडे सारखे, शेवटचा वेगळा. पंगतीत पहिलं पान मोठ्यांचं, मग अध्यक्षांना पस्तिसावा नंबर कसा द्यायचा? मी ऐटीत टाकलं, १९२.१६८.१.१.

"पाहा साहेब, एक नंबर!"

साहेब खूश. मी त्यांच्याहून खूश.

मग नेट गेलं. मी वायरी हलवल्या, राउटरला चापट मारली. एवढ्यात साहेब कॉम्प्युटर बंद करून चहाला निघाले आणि नेट आलं! मी काकांचं नाव टाइप करते तोवर साहेब परत. टपरी बंद होती. त्यांनी बटण दाबलं. नेट गेलं.

आता कुठे डोक्यात उजेड पडला. राउटर उलटा केला. पोटावर चिठ्ठी, १९२.१६८.१.१. राउटर म्हणजे ऑफिसचं फाटक. बाहेर जाणारा प्रत्येक कॉम्प्युटर या नंबरकडे येतो. ते सगळे बिचारे साहेबांच्या दारात उभे!

"साहेब, तुमचा नंबर बदलावा लागते."

"काऊन? एक नंबर कोणाले देऊन राहिल्या?"

"या डब्याले."

"मी अध्यक्ष, अन् एक नंबर डब्याले?"

खिडकीतून काका ओरडले, "साहेब, घ्या ना बाप्पा दुसरा! माह्या संत्र्याचं लोणचं होऊन राहिलं!"

साहेब हसले. मी पस्तीस टाकला. प्रिंटरमधून पावती कुरकुरत निघाली, काकांनी ती ओढूनच नेली. संत्रा चढला, ट्रक गेला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते थेट राउटरसमोर हात जोडून. "राम राम, अध्यक्षसाहेब!"

तेव्हापासून कोणताही नंबर देण्याआधी मी त्याला पिंग करते, म्हणजे दार वाजवून पाहते. आतून उत्तर आलं, तर तिथे कोणीतरी राहतं. मानपान त्यानंतर.