बापलेकीच्या दातांचा करार

माझे वरचे दात जन्मभर माझ्या एक पाऊल पुढे चालत आले. लोणारच्या शाळेत पोरं मला दाताळ्या म्हणायची. घरात मात्र त्याच दातांचं कौतुक होतं. दात पुढे असलेला माणूस अडाणी राहत नाही, असं आईचं ठाम मत. माझ्याआधी आमच्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी पदवी घेतली, शिक्षक झालो, तेव्हा पेढे वाटताना आईनं श्रेयाचीही वाटणी केली. अर्धं माझ्या गणिताच्या गुरुजींना, अर्धं दातांना. गुरुजींनी मला स्वतःच्या घरी बसवून शिकवलं. त्यांचं ऋण मी आजही मानतो. दातांबद्दल मात्र आईचं आणि माझं कधी जमलं नाही. हसू आलं की माझा उजवा हात आपोआप तोंडावर जायचा. बायको म्हणते, लग्नाच्या एकाही फोटोत तिला नवरा पूर्ण सापडत नाही.

हे दात पुढे माझ्या मुलीकडे गेले. ती सातवीत असताना पंधरा ऑगस्टला तिचं भाषण होतं. भाषण तोंडपाठ होतं, मी स्वतः चार वेळा ऐकलं होतं. तरी तिनं कागद हातात घेतला आणि सगळं भाषण त्या कागदाआडून केलं. लोकांना वाटलं, पोरीचं पाठांतर कच्चं आहे. कागद कशासाठी होता ते त्या मैदानात मला एकट्यालाच कळलं. आपली जमीन, घर, काही द्यायचं ते देऊ, पण ही सवय तिला द्यायची नाही, असं मी तिथेच ठरवलं.

मेहकरला एका दातांच्या दवाखान्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टर बाई संभाजीनगरहून येतात. मी आणि मुलगी लोणारहून एसटीनं गेलो. त्यांनी मुलीच्या तोंडात गुलाबी लगदा घालून दातांचा साचा घेतला, फोटो काढले आणि सांगितलं की दोन वर्षं तारा लावाव्या लागतील. मुलगी खुर्चीतून उठलीच. तिच्या शाळेत एका मुलानं तारा लावल्या होत्या आणि सगळे त्याला ट्रॅक्टरची जाळी म्हणत होते. मी समजावू लागलो. डॉक्टर बाई माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे माझ्या दातांकडे. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही का नाही लावत?"

मी हसलो, अर्थात हात तोंडावर ठेवून. म्हटलं, मी एकोणचाळीस वर्षांचा आहे. त्या म्हणाल्या की हिरड्या आणि हाड चांगलं असेल तर वयाची अडचण नाही, फक्त मोठ्यांना वेळ थोडा जास्त लागतो.

"पप्पा लावत असन तर मी लावते," मुलगी म्हणाली. मी माघार घेईन अशी तिची खात्री होती. तिच्याकडे बघून मला माघार घेता आली नाही.

परतताना बसमध्ये तिनं डॉक्टर बाईंनी दिलेल्या पथ्याच्या कागदामागे करार लिहिला. दोघांनी तारा लावायच्या. डॉक्टरांनी मना केलेलं खायचं नाही. एकानं खाल्लं तर दुसरा सुटला, त्यानं तारा काढून टाकल्या तरी कोणी काही बोलायचं नाही. सुलतानपूरजवळच्या खड्ड्यात माझी सही झाली, त्यामुळे ती माझी सही वाटत नाही.

तारा लागल्यावरचा पहिला आठवडा आम्ही खिचडी आणि दुधात कुस्करलेल्या भाकरीवर काढला. बायको शेजारणींना सांगायची, घरात दोन बाळंतिणी आहेत. आई वेगळ्याच काळजीत होती. "दात मांगं गेले का विद्या बी मांगं जाईन पाय," ती म्हणायची, आणि विद्या शाबूत आहे का हे तपासायला रोज सकाळी मला पेपर मोठ्यानं वाचायला लावायची. तोंडात तारा असल्यामुळे मी अडखळलो की ती नुसती मान हलवायची.

पाच महिने करार नीट चालला. मग जानेवारीत डोणगावच्या सासुरवाडीहून हुरड्याचं बोलावणं आलं.

हुरडा पथ्यात बसतो का, यावर बापलेकीची चर्चा झाली. कागदावर ऊस, शेंगदाणे, फुटाणे, चिक्की होती, हुरडा नव्हता. शहरातल्या डॉक्टर बाईंना तो सुचला नसावा. मुलीनं निकाल दिला: कोवळा आहे, चालेल, सोबतची रेवडी चालणार नाही. शेतात आगटी पेटली, सासऱ्यांनी कणसं भाजून हातावर चोळली आणि पहिली मूठ रिवाजाप्रमाणे जावयाच्या हातावर ठेवली. मुलगी मामेबहिणींबरोबर विहिरीकडे गेली, तेव्हा दुसऱ्या मुठीत रेवडी आली.

मी दातांचं सांगितलं. सासरे म्हणाले, "जावईबापू, चावू नका नं मंग. चघळा."

सासऱ्यानं हातावर ठेवलेलं परत करायची आमच्याकडे पद्धत नाही. मी रेवडी गालात ठेवली. ती विरघळली असती. पण सासऱ्यांनी विचारलं की नात पुढे काय शिकणार. हा माझा आवडता विषय. मी बोलायच्या भरात दात मिटले. कट्‌ असा आवाज झाला. वरच्या सुळ्यावर चिकटवलेला धातूचा चौकोनी तुकडा, ज्यातून तार जाते, तो रेवडीत रुतून बाहेर आला.

मी तो रुमालात बांधला. घरी बायकोला दाखवला. ती म्हणाली, पोरीला सांगू नका, ती उद्याच तारा काढून मागेल आणि पाच महिने पाण्यात जातील. बोलणं खरं होतं. मुलीचे दात कुठे नुकते मागे सरकू लागले होते. मी दोन दिवस गप्प राहिलो, एका बाजूनं जेवलो, सुटलेली तार गालाला टोचत राहिली.

शनिवारी संध्याकाळी ती मोरीपाशी छोट्या ब्रशनं तारा घासत होती. घासता घासता सांगू लागली की वर्गात आता तिलाही जाळी म्हणतात. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

"म्हटलं, आमच्या घरी दोन ट्रॅक्टर आहेत."

यानंतर गप्प राहणं मला जमलं नाही. मी रुमाल सोडला. तिनं तो तुकडा दिव्याखाली धरून पाहिला.

"काय खाल्लं?"

"रेवडी. तुझ्या आजोबानं दिली."

"आजोबानं देल्ली. चावली कोणं?"

तुकडा माझ्या हातावर ठेवून ती उठली. रात्री जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता. बसमध्ये तिनं खिडकी पकडली आणि मेहकर येईपर्यंत शेतं बघत राहिली.

दवाखान्यात मीच डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं. करार माझ्याकडून मोडला. ती म्हणेल तसं करा.  बाईंनी मुलीला विचारलं, "काढायच्या?"

तिनं विचारलं, "आता काढल्या तर दात इथंच राह्यतीन?"

"नाही. हळूहळू परत पुढे येतील."

तिनं हातातला आरसा बराच वेळ तोंडासमोर धरला. ओठ मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो.

"मंग माह्या राहू द्या," ती म्हणाली. "पप्पाले शिक्षा द्या."

तारेवर बसवायच्या बारीक रबरी कड्या दर महिन्याला बदलतात आणि त्या हव्या त्या रंगाच्या मिळतात. मी कायम राखाडी घेत होतो. डॉक्टर बाईंनी रंगांचं कार्ड तिच्या हातात दिलं. स्वतःसाठी तिनं राखाडी निवडला. माझ्यासाठी भडक गुलाबी.

सोमवारी शाळेत केंद्रप्रमुख आले. हजेरी पाहिली, पोषण आहाराची खिचडी चाखली, मुलांना पाढे विचारले. पण त्यांची नजर सारखी माझ्या तोंडावर येत होती. शेवटी निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, सर, हे दातांना काय केलं?

"शिक्षा झाली आहे, साहेब," मी म्हणालो. "अजून चार आठवडे आहे."