दादाला सही हवी होती

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॅनडात लेकीच्या घरी, नातीला मांडीवर घेऊन बसले होते. पलीकडे वहिनी नुसती रडत होती. आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? आता जमिनीचे कागद कुणाच्या हाती गेले असतील! लिहिताना लाज वाटते, पण आला खरा.

आमच्या पनवेल-उरणकडच्या बहिणींना हे वेगळं सांगायला नको. जमिनीला भाव आल्यापासून भाऊ दारात दिसला की आधी हक्कसोडपत्र आठवतं. बहिणीनं सही केली की वडिलांच्या जमिनीतलं तिचं नाव संपलं, आणि नाही केली तर माहेर संपलं. माझ्या दोन मैत्रिणींची माहेरं अशीच तुटली. दादानं मला कधीच विचारलं नव्हतं. पण न विचारणारा जास्त पक्का असतो, हे माझं ठाम मत.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी कार्तिकअखेरीस निघणार होते, चांगली सहा महिन्यांसाठी. भाऊबीज झाली आणि दादाच्या गव्हाणहून करंजाड्याला, आमच्या घरी, फेऱ्या सुरू झाल्या. वर्षातून दोनदा येणारा माणूस आठवड्यातून दोनदा! घरभर बॅगा पसरलेल्या, मी डिंक, सुंठ, अळीव भरतेय आणि हा सोफ्यावर बसून भिंतीकडे बघतोय. "किती म्हयने ऱ्हाशील?" मग थोड्या वेळानं, "तिकीट पुढं नाय ढकलता येत?" मी मनात म्हटलं, बरोबर, मी उडायच्या आत उरकायचंय याला. एकदा तर विचारलंन, "तुजं आधार कार्ड हाय ना घरात?" त्याच दुपारी मी आधार कार्ड तांदळाच्या डब्यात लपवलं. आमचे हे हसायला लागले. "अगं, सख्खा भाऊ आहे तुझा!"

"म्हणूनच," मी म्हटलं.

मग एक दिवस स्वारी जिताडा घेऊन आली, हातभर लांब मासा. आता तर खात्रीच पटली. जिताडा आमच्याकडे कुणी कुणाला उगाच देत नाही. ज्याच्याकडून काम काढायचं, त्याच्या दारी तो जातो. मी कालवण केलं, दादाला वाढलं. दोन घास खाल्ले आणि हात धुतला. एरवी डोकं चोखल्याशिवाय न उठणारा माणूस! मला ते दिसलं, नाही असं नाही, पण मी अर्थ भलताच लावला... मन खातंय मेल्याला, असं वाटलं.

"शालू, तुजी एक सई पायजे व्हती," तो म्हणाला.

माझा पारा चढला. "आलास ना मुद्द्यावर! मासा चारून सही घेणार माझी? मिळणार नाही, जा!"

दादा बघतच राहिला. मग हसला, "बरं बरं, ऱ्हाव दे," म्हणाला आणि चपला घालून निघाला. जिन्यात दोनदा थांबला, मी वरून बघत होते. विमानतळावर सोडायला येऊ का, असा नंतर फोन आला, त्यालाही मी नको म्हटलं. वाटेत कुठे गाडी थांबवून कागद पुढे केला तर?

त्यानंतर चार महिन्यांत तो गेला. परत आले ती बॅगा न उघडताच गव्हाणला गेले. वहिनीनं त्याच्या कपाटातून, घडी केलेल्या सदऱ्यांखालून एक कागद काढला. मुंबईतल्या कुठल्याशा रुग्णालयाचा, पोटाच्या ऑपरेशनला नातेवाइकाची संमती म्हणून. नाव माझं. नातं, बहीण... दादाच्याच अक्षरात. सहीची जागा रिकामी.

"मी घाबरीन म्हनून मना काय बोलला नाय," वहिनी सांगत होती. "दुखना लय वाढला तवा बोलला. मी बोलली, मी अंगठा देते, चल. तर बोलला, आता उशीर झाला, डाक्टर नाय बोलतान. आदी थांबला व्हता... बोलायचा, शालू परत येऊंदे, मंग करू."

दादा, चुकले रे मी. फार चुकले. वहिनीच्या गळ्यात पडून पोटभर रडले. मग ती चहा ठेवायला आत गेली, तेवढ्यात मी काय केलं, तेही सांगून टाकते. डोळे पुसले आणि तो कागद उलटून बघितला, मागे जमिनीचं काही लिहिलंय का म्हणून.

मागची बाजू कोरी होती.