चिनी भाऊचे डबे आणि ज्वारीची पोळी

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर लाल-सोनेरी पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले असत. एकात मेथ्या, एकात ओवा, एकात देवाच्या वाती. झाकणावर लांब बाह्यांची एक बाई चंद्राकडे बघत उभी होती. माझी मुलं तिला चांदोबाची मावशी म्हणत. डबे इतके देखणे होते की पाहुणे हटकून विचारत, हे कुठून आणले? मग अक्का ऐटीत सांगत, आमच्या चिनी भाऊने आणले. त्या डब्यांतून आलेलं गोड मात्र आमच्या घरात कोणी खाल्लं नव्हतं, हे त्या सांगत नसत.

स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन-तीन वर्षांत माझं लग्न झालं आणि मी धुळ्याच्या देवपुरातून रावेरकडच्या या गावात आले. घर केळीवाल्या शेतकऱ्यांचं. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत, सासूला सगळं गाव अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. मला आई नव्हती. मी लहान असतानाच ती गेली होती, त्यामुळे वडिलांनी मला शिकवलं भरपूर आणि स्वयंपाक मात्र शिकवायचा राहून गेला. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी केलेली भाकरी बघून अक्का म्हणाल्या, "माय, ही भाकर हाये का खानदेशचा नकाशा?" आणि परातीसमोर माझ्याशेजारी बसल्या. त्या दिवसापासून मला आई नाही असं मी कधी कोणाला सांगितलं नाही.

चिनी भाऊ हा रेशीम विकणारा फिरता व्यापारी. खरोखरच चीनमधला. कलकत्त्यात त्याच्या मुलखातल्या माणसांबरोबर त्याचं बिऱ्हाड होतं आणि थंडी सुरू झाली की तो आगगाडीने आमच्या भागात येई. रावेरला उतरायचं, सायकलवर गाठोडं बांधायचं आणि गावोगाव हिंडायचं. डोक्याला फेल्टची टोपी, विजारीच्या पायांना चिमटे, हातात लोखंडी गज. ओट्यावर गाठोडं सोडलं की झंपराची कापडं आणि लेस बघायला गल्लीतल्या सगळ्या बायका जमत. त्याला हिंदी येई, थोडी आमची बोलीही येई, आणि भाव करताना दोन्ही येईनाशा होत. आबांचं आणि त्याचं मात्र मेतकूट होतं. दोघं ओट्यावर बसून विड्या ओढत आणि फारसं बोलत नसत.

माझ्या पहिल्याच वर्षी त्याने आबांच्या हातात दोन्ही हातांनी एक डबा ठेवला. आत जाडजूड, तपकिरी, चकचकीत वड्या होत्या. वर फुलांची नक्षी, काहीतरी अक्षरं उमटवलेली. आम्ही सगळे भोवती बसलो. आबांनी अडकित्ता आणला, कारण सुरीने ते कापेल असं त्यांना वाटेना. कापलं, तर आत काळसर गोड सारण आणि मधोमध पिवळाधमक गोळा. आबा वास घेऊन हळूच म्हणाले, "हे अंडं हाये." आमच्या घरात अंड्याचं नावही घेत नसत. पण चिनी भाऊ ओट्यावरच होता. अक्का बाहेर गेल्या आणि तोंडभर हसून म्हणाल्या, "लई गोड!"

झालं. त्यानंतर दरवर्षी डबा येऊ लागला. तो आत येऊन फळीवरचे जुने डबे बघे, इतके जपून ठेवले आहेत म्हणजे आवडलेलंच असणार असं त्याला वाटे, आणि पुढच्या वर्षी तो आणखी मोठा डबा आणी. आतलं आम्ही मळ्यातल्या रखवालदाराला देत असू, कारण त्यांच्याकडे अंडं चाले. त्याची बायकोही आमचं मन राखायला घेई आणि कुत्र्याला घाली, हे पुढे कळलं. कुत्र्याने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आणि आम्ही त्याला काय देत होतो? मांडे. परदेशी पाहुणा म्हणजे मांड्यांशिवाय कसं चालेल! परसातली मोठी चूल पेटवायची, तिच्यावर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेली पोळी हातांवर झुलवत मोठ्या रुमालाएवढी करायची आणि खापरावर टाकायची. आम्हा तिघी-चौघींची सकाळ त्यात जाई. तो मांडी घालून बसे. अक्का वर दूध, तूप वाढत आणि "घे रे बाप्पा, लाजू नको" म्हणत आणखी एक मांडा त्याच्या ताटात सोडत. तो "बहुत अच्छा" म्हणे, खाली मान घालून सगळं संपवी आणि तांब्याभर पाणी पिई. आमच्यापैकी कोणाला त्या पाण्याचा अर्थ कळला नाही. रोजची कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, ती तर पाहुण्याच्या ताटात वाढायची म्हणजे घराची अब्रूच गेली. त्यामुळे इतकी वर्षं येऊनही त्याने आमच्या घरची ज्वारी चाखलेली नव्हती.

मग एका पौषात आबा गेले. मळ्यातून आले, ओट्यावर टेकले, पाणी मागितलं आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

रिवाजाप्रमाणे अक्का कोपऱ्यात बसल्या. दिवस झाले, माणसं पांगली, कोपरा सोडायची वेळही येऊन गेली. पण त्यांनी तो सोडला नाही. माजघराच्या अंधारात भिंतीला टेकून बसत. चहा घेत. जेवायला वाढलं तर भाकरीचा तुकडा हातात धरत आणि थोड्या वेळाने ताटात परत ठेवत. रडतही नव्हत्या. बांगड्या गेलेले त्यांचे हात दिवसेंदिवस काटकुळे होत चालले होते. यजमान मला म्हणत, तू काहीतरी कर, तुझं ऐकतील. मी भात मऊ करून बघितला, ताकातल्या कण्या करून बघितल्या, शेवटी रागावूनही बघितलं. त्या एवढंच म्हणत, "मले भूक नही, माय." मला रात्रंदिवस एकच भीती वाटे. एक आई मी लहानपणी गमावली होती, ती कशी गेली ते मला आठवतही नव्हतं. ही दुसरी माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या हातचं अन्न नाकारत चालली होती.

अशात एका सकाळी अंगणात सायकलीची घंटा वाजली. त्या वर्षी उशिरा आलेल्या चिनी भाऊला काहीच माहीत नव्हतं. ओट्यावर आबांची जागा रिकामी बघून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडावरूनच त्याला कळलं. टोपी काढून तो किती तरी वेळ तसाच उभा राहिला. कॅरिअरवरचा डबा त्याने सोडलाही नाही.

त्याला जेवल्याशिवाय कसं पाठवणार? पण वर्ष सरेपर्यंत घरात गोड होणार नव्हतं, कढई चढणार नव्हती. होती ती कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि मळ्यातून आलेली कांद्याची हिरवीगार पात. मी शरमेने ताट ठेवलं आणि म्हटलं, "भाऊ, आज घरात एवढंच आहे."

त्याने भाकरी उचलली आणि नाकाशी नेली. तोडून एक घास खाल्ला. मग त्याने पातीचा एक कांदा आख्खा उचलला, ठेच्यात बुडवला, भाकरीत गुंडाळला आणि मोठा घास घेतला. मी वाढत गेले आणि तो खात गेला. पाण्याला त्याने हात लावला नाही. जेवता जेवता त्याचे डोळे भरून आले आणि मला वाटलं ठेचा तिखट झाला.

"ये जवार है ना?" त्याने विचारलं. मी मान हलवली. तो म्हणाला की त्याच्या गावी चारी बाजूंना हीच. माणूस आत शिरला तर दिसणार नाही इतकी उंच. त्याची आई ज्वारीचं पीठ कालवून मोठ्या तव्यावर कागदासारखी पातळ पोळी करते आणि आत अशीच कांद्याची पात घालून देते. आई आहे की नाही, हे त्याला कित्येक वर्षांत कळलेलं नव्हतं. मग तो माजघराच्या दाराकडे, तिथे तसंच पडलेल्या अक्कांच्या ताटाकडे बघून हळूच म्हणाला, "माँजी खाती नहीं?"

"नाही," मी म्हटलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं.

तो उठला. परसातली मांड्यांची चूल त्याला माहीत होती. मला म्हणाला, पीठ दे, मी करतो. परका पुरुष आमच्या चुलीशी बसणार म्हणजे काय, असा विचार माझ्या मनात आला नसेल असं नाही. पण ती चूल घराबाहेर होती आणि माझी हट्ट करायची ताकद संपली होती. मी कळण्याचं पीठ दिलं. त्याने ते पातळ कालवलं, खापर पालथं घातलं, खाली लाकडं कोंबली आणि वरून वाटीभर पीठ ओतलं. ते खापरावरून सरळ घसरत राखेत गेलं. दुसरं ओतलं, तेही गेलं. तिसरं थोडं चिकटलं आणि करपलं. परसभर धूर झाला. चिनी भाऊ डोळे चोळत, खोकत, आपल्या भाषेत खापराशी काहीतरी बोलत होता, आणि ते चांगलं नसावं.

माजघराचं मागचं दार परसातच उघडत असे. आतून आवाज आला, "आरे, इस्तू कमी कर! खापर फोडतं का आता?"

मी जागच्या जागी थांबले. त्याने एक लाकूड ओढलं आणि पुन्हा पीठ ओतलं. तेही गेलं राखेत.

"पीठ ओतू नको रे बाप्पा! वर उतार हाये, दिसत नही का?" आणि अक्का दारात आल्या. चौकटीला धरून क्षणभर उभ्या राहिल्या. उजेडात त्यांचे डोळे बारीक झाले होते. मग पदर खोचून त्या चुलीशी आल्या, त्याला हाताने बाजूला सारलं, पिठात आणखी मूठभर पीठ घालून घट्ट केलं, ओला फडका खापरावरून फिरवला आणि पिठाचा गोळा हातात घेऊन तो खापरावरून सरसर पुसत नेला. मागे पातळ पापुद्रा राहिला. कडा सुटल्या, तशी त्यांनी पोळी अलगद उचलली. चिनी भाऊ लहान मुलासारखा ओरडला, "ऐसे ही! मेरी माँ ऐसे ही करती है!"

त्याने त्या पोळीत कांद्याची पात ठेवली, ठेचा लावला, गुंडाळी केली आणि डबा द्यायचा तशीच दोन्ही हातांनी अक्कांपुढे धरली. अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घेतली. सगळी खाल्ली. चुलीपाशीच, उकिडवं बसून. मी दुसरीकडे बघत राहिले, कारण बघितलं तर त्या थांबतील अशी मला धास्ती वाटत होती.

खाऊन झाल्यावर त्यांनी त्याला विचारलं, "तुले मांडे आवडत नव्हते ना?"

तो गडबडला. मग कबूल झाला, की गोड त्याला सोसत नाही.

"मंग इतकी वर्सं सांगितलं नही कशाले?"

"माँजी, आपने बड़े प्यार से दिया."

मग अक्का म्हणाल्या, "आम्ही अंडं खात नही, बाप्पा."

आधी त्याचा चेहरा उतरला. मग त्याने सांगितलं की तसलं गोड त्यांच्याकडेही रोज कोणी खात नाही. ते द्यायचं असतं. एकाने दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. तो स्वतः कलकत्त्यात ते तोंडातही घालत नव्हता. हे ऐकलं आणि अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. हसता हसता त्यांना रडू फुटलं, आबा गेल्यापासूनचं सगळं रडू. मी त्यांना धरून बसले. चिनी भाऊ पाठ करून चूल सारखी करत राहिला.

संध्याकाळी त्या आमच्या पंगतीला बसल्या आणि अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी माझ्या भाकरीला नाव ठेवलं. तेव्हा मी ओळखलं की त्या आम्हाला राहिल्या.

पुढच्या वर्षी तो आला तो डब्याशिवाय. रेशमाच्या गाठोड्यावर एक जाड, सपाट, लोखंडी तवा बांधलेला होता, कलकत्त्यात त्याच्या लोकांकडून घडवून घेतलेला. तेवढं धूड रावेर स्टेशनपासून सायकलवर आणताना त्याची काय दशा झाली असेल! अक्कांनी त्याला ताट वाढलं ते भाकरीचं. त्यानंतरही तो काही वर्षं आला आणि मग यायचा थांबला. गावी गेला असेल, आई भेटली असेल, असं अक्का म्हणत. मीही तसंच मानते.

त्या तव्यावर अक्का खूप वर्षं पोळ्या करत होत्या. गावात कोणाकडे माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पातीचा कांदा घातलेली पोळी घेऊन त्या जात, आणि मागे राहिलेलं माणूस घास घेईपर्यंत उठत नसत. इतर बायकाही करू लागल्या. नव्या सुना तर ही गावाची जुनीच रीत असं धरून चालू लागल्या. त्या माणसाचे उपकार असे आमच्या गावभर पसरले आणि त्याला त्याचा पत्ताही नसेल.

अक्का गेल्या तेव्हा मी त्याच भिंतीला टेकून बसले होते. अन्न समोर आलं की परत जाई. चौथ्या दिवशी गल्लीतली एक लहान वयाची सून आली, मला नीट ओळखतही नव्हती. तिच्या ताटलीत ज्वारीची पातळ पोळी होती, कांद्याची पात घालून गुंडाळलेली. "खा काकू," ती म्हणाली, "अक्का असंच द्यायच्या म्हणे." आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. ती उठणार नाही हे मला माहीत होतं. मी पोळी दोन्ही हातांनी घेतली आणि खाल्ली.