कोंडाबाईनं वर केलेला हात

मुरुमपासून कोसभरावरच्या त्या जहागिरीच्या गावात कोंडाबाईला ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि त्याचं कारण तिचा आवाज. नवरा लवकर गेला. मागं मेंढरं राहिली आणि एक मुलगा राहिला, बिराप्पा. दोन्ही तिनं सारखीच वाढवली, हाका मारमारून. शेजारची नागूबाई, तिचीही मेंढरंच, एकदा म्हणाली, "तुझ्या हाकंनं माझी सून बी दचकून उठती बग. रोज मारीत जा."

गावाच्या पूर्वेला कुरण होतं. कमरेइतकं गवत, पण जहागीरदाराच्या घोड्यांसाठी राखीव. पुढं घोडे म्हातारे होऊन मेले. कुरण मात्र राखीवच राहिलं. एका उन्हाळ्यात कोंडाबाईची दोन कोकरं आत शिरली आणि त्यांना काढायला बिराप्पा शिरला. जहागिरीच्या नायबानं त्याला तिथंच झाडाला बांधून चाबकानं फोडला. कोंडाबाई त्याच्या पाठीला हळद लावत होती, तेव्हा पालथं पडल्यापडल्या त्यानं विचारलं, "माय, हे कुरन जहागीरदाराला कुनी दिलं गं?"

"निजामानं."

"आन् निजामाला?"

कोंडाबाईला आयुष्यात कुणी असलं काही विचारलं नव्हतं. "गप पड," ती म्हणाली.

बिराप्पाला हे असलं विचारायला शिकवलं होतं मल्लिनाथानं. मल्लिनाथ म्हणजे विरुपाक्षप्पा वाण्यांचा मुलगा, सोलापुरात शिकून आलेला. लिंगायताच्या घरचा हा पोरगा धनगराच्या चुलीपुढं मांडी घालून बसायचा, भाकरीवर ठेचा घेऊन खायचा आणि वर म्हणायचा, "मावशी, आमच्या अव्वाला सांगू नका, न्हायतर मला अंगणात आंघोळ घालंल."

मग एके दिवशी दोघंही सरहद्दीपलीकडच्या छावणीवर निघाले, निजामाविरुद्ध लढायला. कोंडाबाई रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "राजा गेल्यावर मग कोन यायचं?"

"कुनी न्हाय यायचं," बिराप्पा म्हणाला. "गावच बसंल आन् गावच ठरवंल. कुरन कुनाचं, चावडीवर कोन, समदं. ज्येला पटंल त्यानं हात वर करायचा. मोजायचं."

"बायांनी बी?"

"तू बी. तुझा हात आन् मल्लूअण्णाचा हात, एकच माप."

"मावशींचा हात मोठाच भरंल," मल्लिनाथ हसला. "भाकरी थापून थापून केवढा झालाय!"

ते गेल्यावर माळावर एकटी असताना कोंडाबाईनं एकदा हात वर करून पाहिला. मेंढरांना वाटलं, दगड मारतेय; ती बिचारी पळत सुटली. तिला हसू आलं. पुन्हा कुणी पाहत नाहीसं बघून तिनं हात वर केला आणि बराच वेळ तसाच धरला.

निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरच्या हल्ल्यात बिराप्पा गेला. निरोप तेवढा आला. माती कुठं दिली, हेही धड कळलं नाही.

त्या साली भादव्यात नळदुर्गाच्या बाजूनं तोफांचे आवाज आले, हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि निजामाचं राज्य गेलं. आठवडाभरानं मल्लिनाथ परत आला. दाढी वाढलेली, खांदे उतरलेले, पायात काही नाही. अख्खं गाव वेशीवर लोटलं. कोंडाबाई घरातून घोंगडी घेऊन पळत आली. बिराप्पाच्या लग्नासाठी मुद्दाम विणून घेतलेली काळी घोंगडी, घडीसुद्धा न मोडलेली. तिनं ती मल्लिनाथापुढं धुळीत अंथरली आणि त्याच्या कपाळाला भंडारा लावला.

इथं धनगरांची रीत सांगायला हवी. त्यांची बैठक घोंगडीवर बसते. म्हातारा असो, श्रीमंत असो, सगळे गुडघ्याला गुडघा लावून एकाच घोंगडीवर. एकट्यासाठी घोंगडी अंथरायची ती फक्त देवाची पालखी आल्यावर. माणसासाठी नाही. कोंडाबाईला हे काय ठाऊक नव्हतं? पण त्या क्षणी तिच्या हातांना पोरगा हवा होता, आणि समोर जो उभा होता तो त्याच्याबरोबर गेलेला होता.

मल्लिनाथ मागं सरकला. "मावशी, उचला ती. मी कोन लागून गेलो?"

"चाल रं लेकरा," कोंडाबाई म्हणाली. "माझ्या बिराप्पाच्या वाटचं बी तूच चाल."

मग तो चालला. रडत चालला, हे खरं.

पण धनगरांनी ज्याला देवाचा मान दिला, त्याला बाकीच्यांनी कमी कसा द्यायचा? दुसऱ्या दिवशी पेठेतल्यांनी दारोदार सतरंज्या अंथरल्या. चावडीची कमिटी नेमायची वेळ आली तेव्हा हात मोजायचं कुणाच्या मनातही आलं नाही. "अण्णाच! दुसरं कोन?" असा एकच गलका झाला आणि त्यात कोंडाबाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. वर्षाच्या आत ‘मल्लूअण्णा’चा ‘अण्णासाहेब’ झाला आणि मग ‘सरकार’. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मल्लिनाथ कानाला हात लावून म्हणाला होता, "असं म्हनू नका." दुसऱ्यांदा नुसता हसला. नंतर लोकांनी काही वेगळं म्हटलं की त्याच्या कपाळाला बारीक आठी पडायला लागली. हे पुरुषांच्या लक्षात आलं नाही. पाणी भरताना बायकांत मात्र बोललं जाई.

पुढच्या साली जहागिरी मोडल्या. कुरण मोकळं झालं. कोंडाबाईला वाटलं, आता आला तो दिवस. आता गाव बसणार. ती न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली आणि मठापुढच्या पारावर सभेला गेली.

पारावर एकच खुर्ची होती. मल्लिनाथ खुर्चीवर, गाव खाली. चावडीवरचा गुंडाप्पा उठला आणि त्यानं जाहीर केलं, की अण्णासाहेबांनी कुरण कल्याणप्पांना द्यायचं ठरवलंय. कल्याणप्पा म्हणजे मुरुमच्या पेठेतले मोठे व्यापारी, मल्लिनाथाचे सासरे. तिथं शेंगांचं गोदाम होईल, गावाला काम मिळेल. "कुनाला काय म्हनायचंय?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खाली बसायला लागला.

कोंडाबाईनं हात वर केला.

"काय गं कोंडे, माशी आली का?" गुंडाप्पा म्हणाला. लोक हसले.

"हात वर केलाय."

"ते दिसतंय. कशापायी?"

"मोज की."

मल्लिनाथानं हसणाऱ्यांना गप्प केलं. मऊ आवाजात विचारलं, "मावशी, काय पाहिजे तुम्हांला? मनमोकळं मागा."

"मला काय बी नगं. हात मोजा म्हनते. कुरन गावानं ठरवायचं हुतं. बिराप्पा म्हनला तवा तू बी हुतास, माझ्या चुलीपुढं बसून."

"अगं, तू काय म्हनतीस त्येंला!" मागून कुणीतरी ओरडलं. "सरकार म्हन!"

 मल्लिनाथाचे डोळे भरून आले, आणि ते ढोंग नव्हतं. त्याला सगळं आठवत होतं. आठवूनही त्याला एवढंच सुचलं. तो म्हणाला, "मावशी, बिराप्पाची आन आहे मला. मी असेपर्यंत तुमची मेंढरं उपाशी राहनार न्हाईत." मग गुंडाप्पाकडं वळला. "गोदामाची जागा सोडून बाकी कुरनात मावशींच्या मेंढरांना मुभा. त्या हयात आहेत तोवर. बाकी कुनाची आत येता कामा न्हायत."

"वा वा! केवढं मन!" लोक म्हणाले. कुणीतरी टाळी वाजवली.

कोंडाबाईचा हात अजून वरच होता. तिनं गर्दीत पाहिलं. आणखी एक तरी हात असेल. ज्यांची ज्यांची मेंढरं, ती सगळी माणसं तिथंच होती. कुणी पागोटं सारखं करत होतं, कुणी जमिनीकडं पाहत होतं. नागूबाई मात्र उठून जवळ आली. कोंडाबाईला वाटलं, ही शेजारी उभी राहणार. नागूबाईनं तिचं मनगट धरलं आणि हात खाली ओढला.

"घे खाली," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला मिळालं न्हवं? आता आमच्यावर इघ्न कशाला आनतीस?"

कोंडाबाईनं मनाशी ठरवलं, त्या कुरणात पाय ठेवायचा नाही. आपल्या हट्टापायी तिनं मेंढरं बांधावरून, ओढ्याकाठून हिंडवली. पण त्या साली पाऊस आखडला होता, माळ बोडका पडला होता. कोकरं आईच्या कासेला ढुशा देऊन देऊन दमायची आणि तिथंच बसायची. एक बसलेलं कोकरू उठलंच नाही. त्याला पुरून कोंडाबाईनं मेंढरं कुरणाकडं वळवली.

राखणदारानं तिला वाकून रामराम घातला आणि काट्याचं फाटक बाजूला केलं. बाहेरच्या वाटेनं नागूबाई आपला कळप नेत होती. तिची मेंढरं कुंपणातून माना घालत होती.

"नागे, ये आत," कोंडाबाईनं हाक मारली. "माझ्यात मिसळ तुझी. कोन मोजतंय?"

"न्हाय मावशी," राखणदार म्हणाला. "हुकूम तुमच्या एकटीपुरता हाय."

नागूबाईनं वर पाहिलंच नाही. काठीनं एकेक मेंढरू कुंपणापासून सोडवलं आणि ओढ्याच्या दिशेनं निघून गेली.

संध्याकाळी कोंडाबाई परत निघाली. भरल्या पोटांची मेंढरं सावकाश चालत होती. समोरून मल्लिनाथ आला, मागं दोघं-तिघं. त्यानं त्यांना थांबवलं आणि एकटा पुढं आला. चुलीपुढं बसणाऱ्या त्या पोराचा चेहरा अजून तोच होता.

"मावशी, पोटभर चरली न्हवं?"

"चरली जी," कोंडाबाई म्हणाली. "तुमच्या किरपेनं."

 ती आणखी काही बोलेल, रागावेल, निदान शिवी तरी देईल, असं मल्लिनाथाला वाटलं असावं. कोंडाबाईनं मेंढरं वाटेच्या कडेला घेतली आणि त्याला जायला वाट करून दिली.